बाल्डर्स गेट १ : पहिल्याच पातळीवर पार्टी मरते, काय चुकून राहिलं?

झिरोमाईल_०७
नमस्कार मंडळी. बाल्डर्स गेट या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा पहिला भाग, एन्हान्स्ड एडिशन ही नवी आवृत्ती, कोअर रूल्स या कठीणपणाच्या सेटिंगवर. सुरुवातीच्या कॅण्डलकीपमधून निघून फ्रेण्डली आर्म इन या सरायपर्यंत नीट पोचतो. पुढं सरायच्या पायऱ्यांवर तो मारेकरी जादूगार टार्नेश येते, नाव विचारते, अन् अर्ध्या मिनिटात खेळ खतम. सात वेळा झालं.

पार्टी अशी: माझा जादूगार (हिटपॉइंट म्हणजे जीव ६, मंत्र चार्म पर्सन), इमोएन, झार, मॉन्टारॉन. मॉन्टारॉनला मुद्दाम स्टडेड लेदर घेऊन दिलं. चेनमेलवर ५ लिहिलंय, याच्यावर ७, म्हणून. सगळ्यांच्या हातात जवळून मारायचं शस्त्र आहे.

आणखी एक. लढाई एवढी भराभर होते की पॉजसाठी स्पेसबार दाबेपर्यंत दोघं पडलेले असतात. लॅपटॉप साधाच, ग्राफिक कार्ड नाही. खेळ अडकू नये म्हणून कुठंतरी वाचून एक सेटिंग बदलली होती. त्याचा काही संबंध?

तर्रीपोहा
भाऊ, आधी आर्मर क्लास समजून घ्या. या खेळात एडी अँड डी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स, या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत, तिथं आकडा जितका कमी तितकं कवच चांगलं. उघडा माणूस १०, स्टडेड लेदर ७, चेनमेल ५, स्प्लिंट मेल ४. म्हणजे तुम्ही उलटं वाचलं. गंमत अशी की मॉन्टारॉनसाठी तेच बरोबर निघालं! तो फायटर-थीफ, म्हणजे अर्धा लढवय्या अर्धा चोर, आहे. धातूचं कवच घातलं की त्याची चोराची कामं, म्हणजे सापळे शोधणं, लपणं, सगळी बंद. चुकून बरोबर आलेलं उत्तर आहे, पण चेनमेल पुढं निव्वळ फायटर मिळेल त्याला द्या.

आता थॅको, म्हणजे वार लागतो की नाही ते ठरवणारा आकडा. पहिल्या पातळीवर सगळ्यांचा थॅको २०. त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करा, तेवढं किंवा त्याहून जास्त २० बाजूंच्या फाशावर पडलं तर वार लागतो. कोबोल्डचा आर्मर क्लास ७, म्हणजे १३ पाहिजे. १०० पैकी ४० वार लागतील, अन् तलवारीनं फेरीत वार एकच. इमोएनची डेक्स्टेरिटी १८, त्याचे लांबून मारताना +२. तिला ११ पुरतात, म्हणजे निम्मे बाण लागतात, अन् धनुष्यानं फेरीत दोन बाण सुटतात. दर फेरीला सरासरी एक बाण बसणार, तेही मार न खाता. ६ हिटपॉइंटच्या माणसाला तलवार घेऊन पुढं पाठवायचं कारणच नाही. इमोएनला शॉर्टबो, मॉन्टारॉनलाही लांबून मारायचं काहीतरी, तुमच्या जादूगाराला गोफण. बाण भरपूर घ्या, शंभरही पाहता पाहता संपतात.

अन् एक सुटी तलवार पिशवीत ठेवा. कथेत लोखंड सडकं निघालेलं आहे, साधं लोखंडी शस्त्र ऐन लढाईत मोडतं. जादूचं मोडत नाही. ऑटो-पॉजमध्ये (खेळ आपोआप थांबवायची सेटिंग) ‘वेपन अनयूजेबल’ चालू करा, नाहीतर फायटर रिकाम्या मुठी मारत बसला हे कळतही नाही.

अंबाझरीची_चेटकीण
टार्नेशबद्दल सांगते. तो आधी मिरर इमेज टाकतो, म्हणजे स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करतो, मग हॉरर. खरं मारतं ते हॉरर. सगळे घाबरून सैरावैरा पळतात, तुमचं कोणी ऐकत नाही, अन् तो एकेकाला मॅजिक मिसाइलनं टिपतो. तुम्ही चौघं घोळका करून पायऱ्यांवर उभे राहत असणार. एकाच हॉररमध्ये चौघंही सापडतात.

असं करा. पायऱ्यांच्या बरंच अलीकडं थांबा, सेव्ह करा (लढाई सुरू झाली की सेव्ह होत नाही). चौघांना लांब लांब पांगवा, बोलायला मॉन्टारॉनला पुढं करा, ६ हिटपॉइंटवाल्याला नाही. संवाद संपला की लगेच पॉज. इमोएनच्या सामानात पहिल्यापासून वँड ऑफ मॅजिक मिसाइल्स ही जादूची कांडी असते, बरेच जण ती पाहतच नाहीत. ती क्विक आयटमच्या खान्यात आधीच टाकून ठेवा. बाकीचे बाण-गोफण. प्रत्येक नेम एक खोटी प्रतिमा फोडतो. प्रतिमा फोडून त्याचं मंतरणं थांबत नाही, पण खऱ्याला मंत्र म्हणताना एक पॉइंट जरी लागला तरी मंत्र वाया. म्हणून एकच जोरकस वार नको, बारीक बारीक खूप वार पाहिजेत. तरी नाही जमलं तर त्याला आवारातल्या पहारेकऱ्यांकडं ओढत न्या, ते मदतीला येतात.

दुसरं, चार्म पर्सन वाईट नाही, पण पहिल्या पातळीला एकच मंत्र मिळत असेल तर तो स्लीप. कोबोल्ड, गिबरलिंग, हॉबगॉब्लिन, जे हलके आहेत ते घोळक्यानं आडवे होतात, अन् झोपलेल्यावर वार हुकतच नाही. सांगाडे अन् एल्फ यांच्यावर तो चालेल अशी भिस्त ठेवू नका. तुमचा अर्ध्या तासाचा खेळ झालाय, जादूगार नव्यानं बनवा.

तर्रीपोहा
ताई, नव्यानं कशाला? बेरेगॉस्ट गावाच्या पश्चिमेला हाय हेजमध्ये स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेले कागद, विकत मिळतात.

अंबाझरीची_चेटकीण
कोअर रूल्सवर स्क्रोल वहीत उतरवताना फसू शकतं. इंटेलिजन्स १८ असली तरी १०० पैकी ८५ च. पैसे गेले, स्क्रोलही गेला. अन् हाय हेजच्या वाटेवर या पार्टीला काय काय भेटेल ते पाहा.

सीताबर्डी_डंजन
झार अन् मॉन्टारॉनला सराय येईपर्यंतच वापरा. आत खालिद अन् जाहिरा आहेत, खालिद फायटर, जाहिरा फायटर-ड्रुइड. तिचं क्युअर लाइट वुंड्स ८ हिटपॉइंट भरतं, पहिल्या पातळीला ते फार झालं. दोन्ही जोड्या ठेवल्या तर पुढं आपसात जुंपते. रेप्युटेशन, म्हणजे पार्टीचं चांगलं नाव, फार वाढलं की झार-मॉन्टारॉनसारखी दुष्ट मंडळी तसंही सोडून जातात.

कूलरसमोर
तुमच्या तिसऱ्या परिच्छेदाकडं कोणी पाहिलं नाही काय? ती सेटिंग म्हणजे ‘मॅक्झिमम फ्रेम रेट’, सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं दाखवायची तो आकडा, असेल. या खेळात तो आकडा वाढवला की चित्र गुळगुळीत होत नाही, घड्याळच जोरात धावते. ३० वर एक फेरी ६ सेकंदांची, ६० केलं तर ३ सेकंदांत उरकते. शत्रूही दुप्पट, तुम्हीही दुप्पट, फक्त तुमचं बोट तेवढंच.

खेळ बंद करा. डॉक्युमेंट्समध्ये खेळाच्या नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘बाल्डर.लुआ’. नोटपॅडमध्ये उघडा, ‘मॅक्झिमम फ्रेम रेट’ शोधा, ३० करा, सेव्ह. खेळ चालू असताना बदललं तर बंद करताना तो स्वतःचंच परत लिहून ठेवतो. ३० वर नागपूरच्या मे महिन्यातही लॅपटॉप तापत नाही, हा वरचा फायदा. अन् ऑटो-पॉजमध्ये ‘एनिमी साइटेड’ अन् ‘स्पेल कास्ट’ लावा, स्पेसबारची शर्यतच नको.

झिरोमाईल_०७
हाव, ६० च होतं. ३० केलं, पांगवलं, टार्नेश पडला. इमोएनची वँड खरंच सामानातच होती. आता खालिद-जाहिराला घेऊन सरळ नॅशकेलच्या खाणीत जाऊ काय?

अंबाझरीची_चेटकीण
एवढ्यात नका. खाणीत अरुंद बोगदे, सापळे अन् आगीचे बाण मारणारे कोबोल्ड कमांडो. फायटरची दुसरी पातळी २००० एक्सपीवर, जादूगाराची २५०० वर, अन् मिळालेलं एक्सपी (अनुभवाचे गुण) सगळ्यांत वाटलं जातं. आधी सरायच्या आवारातल्या जोइया नावाच्या बाईची अंगठी आणून द्या, ती हिसकावणारे हॉबगॉब्लिन भिंतीबाहेरच आहेत. सरायमधल्या लॅण्ड्रिनचं विषारी कोळी मारायचं काम मात्र आत्ता घेऊ नका, ते विष तुमच्या जादूगाराला पुरून उरतं.

सीताबर्डी_डंजन
अन् झोपायचं ते सरायमध्ये खोली घेऊन. सगळ्यात स्वस्त खोली १ सोन्याची आहे. जंगलात झोपलं की मधेच कोणीतरी उठवतेच.