दहा वर्षांच्या पोराला कार्बनचं ब्लेड कशाला?

अनघा (बी-३०४): नमस्कार. अद्वैतच्या टेबल टेनिसच्या कोचनी कार्बनचं ब्लेड घ्यायला सांगितलंय, म्हणजे बॅटचं कार्बनचे थर असलेलं लाकडी पातं. १४ हजार, वर चिकटवायची रबरं वेगळी. दहा वर्षांचं पोरगं आहे हो! खरंच लागतं का एवढं? घरात दोन दिवस धुसफूस चालू आहे.

केतन (सी-६०१): वहिनी, डोळे मिटून व्हिस्कारिया घ्या, कार्बनचंच ब्लेड आहे. चीनचा झांग जिके त्यावरच खेळायचा. २०१२ ऑलिम्पिक गोल्ड.

नेने काकू (ए-२०१): क्लबहाऊसच्या टेबलाचं नेट कुणी फाडलं?

सावंत काका (ए-१०२): केतन, झांग जिकेचा सराव बघ आणि अद्वैतचा बघ. अनघा, घाई करू नकोस. व्हिस्कारियात वरच्या कोटो लाकडाच्या पातळ थराखाली लगेच कार्बनचं कापड असतं. बॉल लागला की सुटतो. ज्याचा टॉपस्पिनचा, म्हणजे बॉलला पुढे फिरकी द्यायचा हात अजून बसायचाय, त्याच्या बॅटवर बॉल क्षणभर रुतला पाहिजे. त्याला ५ प्लाय, म्हणजे पाच थरांचं नुसतं लाकडीच बरं. बाहेर लिम्बाचं लाकूड, आत आयूसचं. स्टिगा कंपनीचं ऑलराउंड क्लासिक घे, माझी पोरं त्यावरच शिकली.

केतन (सी-६०१): काका, पुढे बदलावं लागणारच ना? दोनदा खर्च कशाला?

सावंत काका (ए-१०२): शाळेचे बूट दहावीच्या मापाचे घेतोस का?

शिंदे (बी-१०१): 😂😂

केतन (सी-६०१): हसा. गेल्या वर्षी क्लबहाऊससाठी तयार बॅटा कुणी आणल्या होत्या? महिन्यात रबर सुटलं.

सेक्रेटरी: केतनराव, ते बिल सभेत मंजूर झालंय. इथे तो विषय नको, ही विनंती.

नेने काकू (ए-२०१): नेटचंही सभेतच ठरवणार का? कुणी फाडलं ते सांगा.

नेने काका (ए-२०१): लाकडी बॅटमध्ये कार्बन नियमात बसतं?

सावंत काका (ए-१०२): बसतं. जाडीत निदान ८५ टक्के लाकूड हवं. कार्बनसारख्या तंतूंचा थर जाडीच्या साडेसात टक्के किंवा ०.३५ मि.मी., यात जे कमी असेल त्याच्या वर नको.

शिंदे (बी-१०१): मी लांबून चॉप करतो, म्हणजे बॉल खालून कापत परत देतो, माझं पातं मोठं आणि मऊ आहे. केतनचं ब्लेड घेतलं तर माझा प्रत्येक चॉप टेबलाबाहेर. आधी पोरगं कसं खेळतं ते सांगा.

अनघा (बी-३०४): कळत नाही हो. मनिका बत्रासारखं लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर हवं असंही म्हणतो.

सावंत काका (ए-१०२): ते आत्ता अजिबात नको. बॅकहँडला आधी साधं रबर, स्वतःचा स्पिन काढायला शिकू दे. रविवारी खेळलो त्याच्याबरोबर. टेबलाला चिकटून उभा राहतो, बॅकहँड ब्लॉक छान आहे, फोरहँडला उशीर होतो. आणि हँडल जाड पडतंय, दर फटक्याला करंगळी सुटते. हे कोचनी बघितलं का? वजनही बघ. ८५ ग्रॅमचं ब्लेड घेतलंस तरी दोन रबरं चढली की १७५ च्या घरात जातं. त्याच्या मनगटाला तेच भरपूर आहे.

केतन (सी-६०१): म्हणजे कोच चूक, मी चूक, काका बरोबर.

सावंत काका (ए-१०२): तुझ्या हाताला कार्बन शोभतं, मी कधी नाही म्हटलं? लांबून लूप, म्हणजे जोरदार टॉपस्पिन मारतोस, तुला तो वेग लागतो. पोराला नाही.

नेने काकू (ए-२०१): नेट???

शिंदे (बी-१०१): काकू, ते माझ्या चॉपनं फाटलं नाही, एवढं नक्की 🙏

सेक्रेटरी: नवीन नेट शनिवारी येतंय. कृपया विषय थांबवा.

अनघा (बी-३०४): काका, मग रबर कुठलं घेऊ?

सावंत काका (ए-१०२): दोन्ही बाजूंना १.८ मि.मी. स्पंजचं, मध्यम मऊ. महागातलं नको.

केतन (सी-६०१): माझं जुनं ५ प्लाय कपाटात पडून आहे. हँडल बारीक आहे. आठवडाभर खेळू दे त्याला, मग ठरवा. फक्त कडेला टेप लावा वहिनी, टेबलावर आपटून कोपरा उडतो.

अनघा (बी-३०४): लावते. ७ वाजता पाठवू का त्याला?

केतन (सी-६०१): साडेसातला. आधी रबर चिकटवायला लागेल.