मराठी मुसलमानांवर शाळेत बोलायचंय, मदत हवी आहे

"तुमचं मराठी किती छान आहे हो!" चिपळूणची असूनही मला हे अजून ऐकावं लागतं. आता मुलीच्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांसमोर मराठी मुसलमानांवर अर्धा तास बोलायला बोलावलंय. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, बार्शीचे शाहीर अमर शेख आणि आमच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई एवढं तयार आहे. (दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध काढलेला १९६६ चा सात मुस्लिम बायकांचा विधिमंडळावरचा मोर्चा सांगणारच, घरचे कुरकुरले तरी.) पण सगळे पुरुषच झाले! मराठीत लिहिणाऱ्या कोणत्या मुस्लिम स्त्रिया वाचू? आणि मुलांनी बुरखा, तलाक, पाकिस्तान असं काही विचारलं तर न चिडता उत्तर कसं द्यावं? शिक्षक मंडळींनो, तुमचा अनुभव सांगा. कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे.