बाळ पाच महिन्यांचं, पाळी अजून नाही, आत्तापासून काही वापरायला हवं का?

बाळाची_आई_चिपळूण:
नमस्कार. पहिलं बाळ, पाच महिने पूर्ण झाले, सिझर झालंय. पाळी अजून आली नाही. सासूबाई म्हणतात अंगावर पाजतेस तोवर दिवस जात नाहीत, काळजी करू नको, पण माझ्या मावसबहिणीला पाळी न येताच दुसऱ्यांदा दिवस गेले आणि कळलं तेव्हा चौथा महिना लागला होता, त्यामुळे मला झोपच लागत नाही. आम्हाला दुसरं हवंय पण तीनेक वर्षांनी. नवरा कंडोम वापरतो, पण दर वेळी नाही. आशाताईंनी दिवस न राहण्याच्या छायाच्या गोळ्या आणून दिल्यात, त्या तशाच डब्यात पडून आहेत कारण दूध कमी झालं तर काय करू. जाऊबाई म्हणतात तांबी (कॉपर-टी) बसव, आई म्हणते तांबी नको ती वर काळजापर्यंत सरकते. बाळ अंगावर पितं पण रात्री एक बाटली वरचं दूध देतो आणि आठवड्यापासून नाचणीची पेज सुरू केलीय. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

उपकेंद्रातली_सिस्टर:
ताई, मी एएनएम आहे, रोज हेच प्रश्न येतात. सासूबाई अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत, पण त्यात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या जायला हव्यात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला फक्त आणि फक्त अंगावरचं दूध, तेही दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. तुमच्याकडे बाटली आणि पेज सुरू झाली म्हणजे तिसरी अट गेली, आणि सहा महिने तसेही महिन्याभरात होतायत. आणि मावसबहिणीचं म्हणाल तर तसं होतंच, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळीची वाट बघत बसलात तर पाळीच्या जागी दिवस राहू शकतात.

छायाने दूध कमी होत नाही, त्यात हार्मोन नसतात, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेलं औषध आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे समजा रविवार आणि बुधवार, आणि नंतर आठवड्यातून एकदाच. पाळी लांबते किंवा कमी जाते, तो तिचा गुण आहे. पण पीसीओडी असेल किंवा कावीळ होऊन गेली असेल तर घ्यायची नाही, आधी सांगा. माला-एन ही रोजची हार्मोनची गोळी मात्र आत्ता नको, अंगावर पाजणाऱ्या बाईला ती सहा महिन्यांनंतरच.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, दुधाला काही होत नाही. त्यात मधेमधे अंगावरून थोडं जातं, मग बऱ्याच जणींची पाळी बंदच होते आणि बायका घाबरून पुढचा डोस चुकवतात. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तीन वर्षांचा हिशोब करताना हे लक्षात ठेवा.

तांबीवाली_सांगली:
मी तांबी वापरतेय म्हणून लिहिते. काळजापर्यंत वगैरे काही जात नाही, ती गर्भाशयातच असते आणि खाली दोरा येतो तो आपल्या बोटाला लागतो, मी पाळी झाल्यावर बघते. बसवताना कळ आली, जोरात, पण पाच मिनिटांत संपलं. पहिले चार महिने पाळी जड गेली, पॅड सारखे बदलावे लागायचे, हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर डॉक्टरांना सांग. सरकारीत दोन प्रकार मिळतात, एक पाच वर्षांची आणि एक दहा वर्षांची, पण हवी तेव्हा काढता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. मला तरी रोज आठवण ठेवायची कटकट नको होती.

दोन_मुलींचा_बाबा:
ताईंना दुसरं मूल हवंय म्हणून हे त्यांच्यासाठी नाही, पण इथे वाचणाऱ्या पुरुषांसाठी लिहितो. दुसऱ्या मुलीनंतर मी नसबंदी केली, बिनटाक्याची. जागा बधिर करतात, पंधरा मिनिटांत झालं, दोन दिवस आराम केला आणि कामावर गेलो. ताकद, इच्छा कशातच फरक नाही. फक्त पुढचे तीन महिने कंडोम वापरायचाच, मग वीर्य तपासून घ्यायचं, तोवर झालं असं धरायचं नाही. बायकोचं पोट उघडण्यापेक्षा हे किती सोपं आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि आपल्याकडे अजून ऑपरेशन म्हटलं की बाईच पुढे.

बाळाची_आई_चिपळूण:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच हलकं वाटलं. नवऱ्याला पण वाचायला दिलं. मला तांबीच बरी वाटतेय. पण सिझर झालंय तर चालेल का? आणि गेल्या आठवड्यात एकदा काहीच वापरलं नव्हतं.

उपकेंद्रातली_सिस्टर:
सिझरला अडचण नाही, सहा आठवडे कधीच उलटून गेलेत. पण आधी दिवस नाहीत याची खात्री करावी लागेल. आशाताईंकडे निश्चय किट असतं, सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा, आणि गेल्या आठवड्यातलं असल्यामुळे आत्ता निगेटिव्ह आलं तरी दोन-तीन आठवड्यांनी परत करा. तोवर प्रत्येक वेळी कंडोम, आणि यात नवऱ्याला "एखाद्या वेळी" म्हणू देऊ नका. कधी कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी पण आशाताईंकडे मिळते, ती फक्त अडीअडचणीला. तांबी बसवायला जाल तेव्हा पांढरं जात असेल, वास येत असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल तर लाजू नका, सांगा, आधी त्यावर उपचार करतात. आणि बसवल्यावर महिन्याभराने परत दाखवायला या.