वाचायचे पैसे मागणारा एजंट: द्यावेत की नाही?

एडिसनकर
न्यू जर्सीत नोकरी सांभाळून सात वर्षं इंग्रजीत कादंबरी लिहिली, कोकणातल्या एका खोताच्या घराण्याची. लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या चाळीस एजंटांना पत्रं धाडली. बहुतेकांचा नकार, काहींकडून तेवढंही नाही. मग एकाचं उत्तर आलं: लेखन दुर्मीळ आहे, आम्ही घेतो. पानभर कौतुक, त्यात 'तरुण सगुणेचं प्रेम' खास वाखाणलेलं. माझी सगुणा नव्वदीची आजी आहे. खटकलं, तरी वाचन-शुल्काचे ३५० डॉलर भरले. चाळीस नकारांनंतर कुणी बरं बोललं की माणूस विरघळतो. महिन्याने निरोप: आधी अमक्या संपादकाकडून तपासून घ्या, १,८०० डॉलर.

माझं मत ठाम झालंय. पुस्तक विकण्याआधी लेखकाकडे पैसे मागणारा एजंट लबाडच. त्याची कमाई विक्रीतून व्हायला हवी, देशात साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २०. आधीच पैसे मिळाले तर तो पुस्तक विकायला कशाला धडपडेल?

रानजुई
असहमत. तुमच्या बाबतीत वाईट झालं, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाला मी पदरचे ४० हजार घातले आणि प्रकाशकांनी शब्द पाळला. मराठीत किती संग्रह असेच निघतात! तीनशे पानं वाचणं हे कष्टाचं काम आहे. वकील सल्ल्याचे पैसे घेतो, मग वाचणाऱ्याने फुकट का राबावं?

खिळेजुळारी
रानजुईताई, तुम्ही पैसे दिलेत आणि प्रती घरी आल्या. इथे काय आलं? शिवाय एजंट तीनशे पानं सरसकट वाचत नाही. आधी पानभराचं पत्र, मग पहिली पाच-दहा पानं, आवडली तरच पूर्ण संहिता मागवतो.

आणि 'अमक्या संपादकाकडे जा' ही जुनी चाल आहे. १९९०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात 'एडिट इंक' नावाची संपादन कंपनी होती. एजंट होतकरू लेखकांना तिकडे पाठवायचे आणि बिलातला वाटा घ्यायचे. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने तिला कोर्टात खेचलं. केंटकीतल्या डोरोथी डीअरिंग या एजंटबाईंनी तर वाचन-शुल्कापासूनच सुरुवात केली होती; शेवटी तुरुंगात गेल्या.

रानजुई
मग कमिशनवर चालणारे सगळे सज्जन का? डोनॅडिओ अँड ओल्सन ही न्यूयॉर्कची जुनी, नावाजलेली एजन्सी. २०१८ मध्ये तिच्या हिशेबनिसाला अटक झाली, अपहार ३४ लाख डॉलरचा. चक पॉलानिकसारखा गाजलेला लेखक कंगाल व्हायची वेळ आली. त्या एजन्सीने वाचन-शुल्क घेतलं नव्हतं. तुमची कसोटी तिथे काय कामाची?

खिळेजुळारी
हा मुद्दा खरा आहे, तो मी खोडत नाही. पण ती चोरी पैसे एजन्सीच्या खात्यातून लेखकाकडे जातात म्हणून झाली. त्यावर उपाय करारातच आहे: प्रकाशकाने एजंटाचे १५ टक्के एजंटाला आणि लेखकाचे ८५ टक्के थेट लेखकाला पाठवावेत, असं कलम घालून घ्यायचं. काही एजंट कुरकुरतात, काही मान्य करतात. वाचन-शुल्कावर असा उपाय नाही. ते एकदा गेलं की गेलं.

एडिसनकर, पुढच्या वेळी उत्तर आलं की आधी 'रायटर बिवेअर' या संकेतस्थळावर नाव शोधा. व्हिक्टोरिया स्ट्रॉस आणि ए. सी. क्रिस्पिन या दोन लेखिकांनी १९९८ मध्ये ते सुरू केलं, असल्या एजंटांच्या तक्रारी गोळा करायलाच.

रानजुई
कलम पटलं. वाचणाऱ्याला मोबदला मिळावा हे माझं मत मात्र कायम आहे. फक्त तो वाचणारा आणि विकणारा एकच नसावा, एवढी दुरुस्ती करते. आणि दादा, सगुणाआजी ज्याच्या लक्षातच आली नाही, त्याने काही वाचलंच नव्हतं. ते ३५० मी कष्टाचे धरत नाही.

एडिसनकर
१,८०० भरले नाहीत. ३५० साठी कार्ड कंपनीकडे तक्रार केली आहे, त्या कौतुकाच्या पत्राची प्रत जोडून. कराराचं कलम वहीत उतरवून ठेवलं. आज एकेचाळिसावं पत्र पाठवलं.