सिवातानेहोचं 'पार्थेनॉन' नक्की कुणाचं?

भटक्या_जीव: मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, गेर्रेरो राज्यातल्या सिवातानेहोत, ला रोपा पुळणीच्या वरच्या टेकडीवर पार्थेनॉन या ग्रीक देवळासारखी खांबांची वास्तू आहे. जुन्या फोटोंत ती पार मोडकळीला आलेली दिसते. मुळात काय होतं ते? आणि एवढ्यात काँक्रीट असं कसं खंगलं?

जुनी_पानं: देऊळबिऊळ नाही, बंगला. मालक आर्तुरो दुरासो मोरेनो ऊर्फ 'एल नेग्रो'. मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेस पोर्तियोंचा बालमित्र, आणि १९७६ ते १९८२ मेक्सिको सिटीचा पोलीसप्रमुख. पोलिसाच्या पगारात असा बंगला बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. राजधानीजवळ आहुस्कोकडे आणखी एक होता, त्यात न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' डिस्कोची नक्कल!

१९८२ला दे ला माद्रिद अध्यक्ष झाले, भ्रष्टाचाराविरुद्ध 'नैतिक नवनिर्माणा'ची मोहीम निघाली आणि दुरासो देशाबाहेर पळाला. १९८४ला पोर्तो रिकोत धरला, १९८६ला मेक्सिकोच्या ताब्यात आला, १९९२ला सुटला, २०००मध्ये वारला. बंगला सरकारजमा झाला आणि वर्षानुवर्षं बेवारशासारखा पडून राहिला.

सळई_१२मिमी: टेकडीवर लाट पोचत नाही, पण खारा वारा पोचतो. मीठ कव्हरमधून, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरातून, झिरपत सळईला भिडतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. मग सळईच्या रेषेत चीर, मागोमाग ढपली. वर जाड गिलावा किंवा संगमरवर असेल तर हे उशिरा कळतं. हातोडीने ठोकत जा: पोकळ आवाज आला की आत सुटलेलं आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं की पुढचं भराभर होतं.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या आपल्या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राचा फवारा लागणाऱ्या काँक्रीटला ५० मिमी कव्हर आणि किमान एम३५ ग्रेडची ताकद हवी.

भटक्या_जीव: मग ढपल्या पाडून वरून मॉर्टर भरलं तर?

सळई_१२मिमी: लोक तेच करतात आणि फसतात. सळईच्या मागे २०-२५ मिमी काँक्रीट फोडून ती चारी बाजूंनी मोकळी करा, सळई चकचकीत होईस्तोवर गंज काढा, फार बारीक झाली असेल तर शेजारी नवी सळई पुरेशा लॅपने (जुनीला लागून पुरेशी लांबी ठेवून) बांधा. मग गंजरोधक लेप, त्यावर पॉलिमर मॉर्टर. एवढं करूनही, भोवतालच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ राहिलं तर नव्या ठिगळाच्या कडेलाच गंज जोरात धरतो. म्हणून आधी काँक्रीटमधलं क्लोराइड (मिठाचा अंश) तपासा, मग किती फोडायचं ते ठरवा.

जुनी_पानं: फोटो जुने आहेत हं. अलीकडे डागडुजी होऊन तिथे सांस्कृतिक केंद्र झालंय.