मदत हवी आहे : पुण्यात सिंहगड रोड, वारजे परिसरात विश्वासू गॅरेज सुचवा

नमस्कार मंडळी,

आमची २०१२ची वॅगन-आर आहे, पेट्रोल. स्पीडब्रेकरवरून हळू गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड आवाज येतो. सपाट रस्त्यावर काहीच नाही. एका गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर न घेताच, नुसती एक चक्कर मारून सांगितलं की दोन्ही शॉकअप आणि स्टिअरिंग रॅक बदलावं लागेल. दुसऱ्याने चाक काढलं, लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) हाताने हलवून दाखवला. त्याचा बॉल जॉइंट चक्क डुगडुगत होता. लोअर आर्मचं (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचं) रबरी बुशही चिरलंय म्हणाला. मला त्याचंच पटलं, पण तो आता गावी गेलाय आणि गॅरेज बंद आहे.

पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील, आरसी (नोंदणी) रिन्यू करून ती ठेवायचीच आहे. आईला डायलिसिसला न्यायला हीच गाडी लागते, त्यामुळे ऐनवेळी रस्त्यात अडकणं परवडणार नाही.

पैसे रास्त असतील ते देईन. फक्त काम सुरू करण्याआधी अंदाज लिहून द्यावा, काढलेले जुने पार्ट परत द्यावेत आणि कंपनीचे ओरिजिनल पार्ट बिलासकट लावावेत. पार्ट मी स्वतः नाना पेठेतून आणून दिले तर चालणारा मेकॅनिक असेल तर फारच उत्तम.

तुम्ही स्वतः गाडी दिली असेल असंच गॅरेज सांगा, ऐकीव नको. साधारण मजुरी किती घेतली तेही लिहा.