प्रति: रुग्णांना संशोधनातलं काय कळणार?
'रुग्णांना संशोधनातलं काय कळणार' हे वरचं मत मला अजिबात पटलं नाही. मेंदूच्या दुखापतीनंतरची सुधारणा मोजायला १९७५ची ग्लासगो आउटकम स्केल अजूनही वापरतात. मूळ स्केलमध्ये पायऱ्या पाचच, आणि माझा दादा तिथे 'चांगली सुधारणा'मध्ये बसतो! पण मंडईत जरा वेळ उभा राहिला की गोंगाटाने त्याचं डोकं भणभणतं, दुपारनंतर सुट्ट्या पैशांचा हिशेब जमत नाही, आणि त्याच्या संतापाला तोंड द्यायला वहिनीच समोर असते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४पासून रुग्ण, काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवते. पुण्यातल्या संशोधकांनीही प्रश्नावली छापायच्या आधी घरच्यांना विचारावं. मराठीत विचारावं, आणि शक्यतो सकाळी, रुग्ण थकायच्या आत.